वांग, डाग आणि दागिना

मराठीत चेहऱ्यावरच्या खुणांना नावे उदंड आहेत, त्या झाकण्याच्या कामाला मात्र धड एकही नाही. वांग, डाग, वण, तीळ, मस, लासे, चामखीळ, पुटकुळी, मुरूम, तारुण्यपीटिका अशी नावे नुसती आठवायला बसले तरी पान भरते. झाकायचे म्हटले की आपण ‘मेकअप’ म्हणतो, हल्ली ‘कन्सीलर’ म्हणतो. नाटकवाल्यांची ‘रंगभूषा’ आहे, पण लग्नाला निघालेली कुणी बाई ‘जरा रंगभूषा करून येते’ असे म्हणत नाही. या नावांच्या मुळांशी जाऊ लागले की एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात येते. डाग सांगणारे शब्द आणि शृंगार सांगणारे शब्द पुन्हा पुन्हा एकाच घरातून बाहेर पडलेले दिसतात.

वांगापासूनच सुरुवात करू. हा शब्द वांग्याचा कुणी नव्हे. वांगे ‘वातिंगण’पासून आले असावे. गालांवर, कपाळावर उमटणारा काळपट वांग मात्र सरळ संस्कृत ‘व्यंग’ या शब्दाकडे जातो. आरंभीचा ‘व्य’ प्राकृतात ‘व’ होतो (व्याघ्राचा वाघ झाला तो तसाच) आणि अनुस्वारापूर्वीचा स्वर मराठीत लांबतो, म्हणून अंगाचे बोलीत ‘आंग’ झाले. तेव्हा व्यंग, वंग, वांग ही वाट सरळ आहे. सुश्रुताने क्षुद्ररोगांत व्यंगाचे जे वर्णन केले आहे तेही आजच्या वांगाला चपखल बसते: राग आणि श्रम यांनी खवळलेला वायू पित्ताला घेऊन तोंडावर येतो आणि एकाएकी पातळ, न दुखणारे, सावळे मंडल उमटवतो. ‘क्षुद्र’ म्हणजे किरकोळ. ज्याला वांग आहे त्याला तो किरकोळ वाटत नाही, हा भाग निराळा.

आता या व्यंगाची फोड कशी करायची? आपण सवयीने ‘वि + अंग’ करतो आणि ‘ज्याच्या अंगात काही उणे आहे ते’ असा अर्थ लावतो. मराठीत ‘शारीरिक व्यंग’ म्हणतात ते हेच. पण मोनियर विल्यम्सचा कोश उघडला तर तेथे दोन निरनिराळे ‘व्यंग’ मांडलेले आढळतात. पहिला अंगहीन. दुसरा ‘वि’ अधिक ‘अञ्ज्’ या धातूपासूनचा, अर्थ ठिपकेदार, बुट्ट्याबुट्ट्यांचा. अथर्ववेदात तो याच अर्थी येतो असे दिसते, आणि चेहऱ्यावरचा व्यंग या दुसऱ्याच्या पोटी घातलेला आहे. कोशकारांनी बेडकालाही व्यंग म्हटले आहे. त्याची पाठ पाहिली की का ते कळते.

‘अञ्ज्’ म्हणजे माखणे, चोपडणे. डोळ्यांत घालायचे अंजन यातलेच. दिवाळीच्या पहाटेचा अभ्यंग यातलाच. माखले की वस्तू उठून दिसते, म्हणून याच धातूला ‘प्रकट करणे’ हाही अर्थ आला आणि व्यक्त, अभिव्यक्ती, व्यंजना हा सगळा गोतावळा तयार झाला. आनंदवर्धनाच्या ध्वनिविचारातले ‘व्यंग्य’ ते हेच, जे बोललेले नाही पण सुचते ते. ‘व्यंगचित्रा’तला व्यंग कोणता, अंग उणे असलेला की काही सुचवणारा, यावर वाद घालायला जागा आहे. मला दोन्ही शब्द तेथे एकमेकांत मिसळलेले दिसतात. आपला मुद्दा एवढाच की गालावरचा वांग आणि तो दिसू नये म्हणून वर चोपडायचा लेप हे दोन्ही, शब्दाच्या दृष्टीने पाहिले तर, माखणेच. एक शरीराने केलेले आणि दुसरे माणसाने.

त्वचेवरच्या बाकीच्या खुणांची नावे पाहताना आपण वैद्याकडे आलो की वाण्याच्या दुकानात, असा प्रश्न पडतो. तिळाएवढा काळा ठिपका म्हणून ‘तिलकालक’, आपला तीळ. उडदासारखा उंचवटा म्हणून ‘मषक’, म्हणजे ‘माष’ या धान्यावरून. त्याचा झाला मस. मसुरीएवढे फोड म्हणून ‘मसूरिका’, म्हणजे देवी. चर्मात ठोकलेला खिळा तो ‘चर्मकील’, त्याची झाली चामखीळ. जन्मखुणेला ‘जतुमणी’ असे देखणे नाव आहे: जतु म्हणजे लाख, लाखेचा मणी. तारुण्यात तोंडावर येतात त्यांना सुश्रुताकडे ‘मुखदूषिका’ म्हटले आहे, आणि उपमा दिली आहे सावरीच्या काट्याची. ज्याने सावरीचे खोड जवळून पाहिले आहे त्याला दुसरी उपमा सुचणार नाही. आजची ‘तारुण्यपीटिका’ ही ‘पिटका’ म्हणजे पुळी या शब्दावर बेतलेली आहे, पण छापखान्यात तिची हमखास ‘तारुण्यपीठिका’ होते. पीठिका म्हणजे प्रस्तावना. तारुण्याची प्रस्तावना म्हणून चालून जाईलही.

यातल्या तिळाकडे जरा थांबून पाहावे. त्याच तिळापासून ‘तिलक’ झाला आणि संस्कृतात तिलकाचे दोन्ही अर्थ नांदतात: अंगावरचा नैसर्गिक ठिपका आणि कपाळावर मुद्दाम लावलेला टिळा. म्हणजे आधी तीळ आणि मग त्याची नक्कल, असे घडले असावे. ‘लांछन’ हा शब्दही असाच दुतोंडी आहे. मूळ अर्थ खूण, चिन्ह. जैन मूर्तीखाली वृषभ कोरला असेल तर ऋषभनाथ, सिंह असेल तर महावीर, हे आपण ओळखतो ते लांछनावरून, आणि तेथे त्यात कमीपणाचा लवलेश नाही. विष्णूच्या छातीवरचे श्रीवत्सलांछन तर भूषणच. त्याच शब्दाचे मराठीत ‘कुळाला लांछन’ झाले. खूण वाईटच असणार असे आपण केव्हा ठरवले कोण जाणे. लांछनाचे मराठी अपत्यही आहे: ‘लासणे’ म्हणजे तापलेल्या लोखंडाने चटका देणे, आणि ‘लासे’ म्हणजे जन्मखूण. संस्कृत-प्राकृतातला ‘छ’ मराठीत ‘स’ होतो, मच्छाचा मासा झाला तसा. तेव्हा लांछ् पासून लास होणे नियमाला धरूनच असावे.

पुढे फारसी आली आणि लासण्याला डागण्याने मागे सारले. ‘दाग़’ म्हणजे फारसीत तापलेल्या लोखंडाचा चटका आणि त्याची खूण. अजूनही इराणात गरम वस्तूला ‘दाग़’ म्हणतात. हा शब्द आपल्या ‘दह्’ धातूचा सख्खा चुलतभाऊ आहे. संस्कृत ‘निदाघ’ म्हणजे उन्हाळा, त्यातला ‘दाघ’ कानाला लगेच ओळखू येतो. त्यामुळे ‘दाह’ आणि ‘डाग’ हे दोन शब्द मराठीत समोरासमोर आले तेव्हा फार जुन्या काळी ताटातूट झालेले नातलगच भेटले म्हणायचे.

पण ‘द’चा ‘ड’ का झाला? हिंदीने ‘दाग’ म्हणून तो जसाच्या तसा ठेवला. मराठीत मात्र ही खोड जुनी दिसते. बाराव्या शतकातल्या हेमचंद्राने प्राकृत व्याकरणात ज्या शब्दांचा ‘द’ विकल्पाने ‘ड’ होतो अशांची एक यादीच दिली आहे, त्यात दग्ध आहे, दाह आहे, दोला आहे, दंड आहे. आपले डोलणे आणि डसणे यांच्या तोंडचा ‘ड’ त्याच वळणाचा. मग फारसी ‘दाग़’ आला तेव्हा कानाला आधीच डहण्याची सवय होती, आणि तो डाग होऊन बसला असावा. एकट्याचेच असे झाले नाही. फारसी ‘दबीर’ म्हणजे लेखक, चिटणीस. तो महाराष्ट्रात येऊन ‘डबीर’ झाला, शिवकालात पद झाला आणि मग आडनाव झाला. या डबिराकडे पुढे परत यायचे आहे.

या डागाचा संसार केवढा वाढला ते पाहण्यासारखे आहे. गुराला डागायचे, तोफ डागायची (तिलाही विस्तवच लावावा लागे), कपड्याला डाग पडायचा, नावाला डाग लागायचा. प्रवासाला निघालेल्या घरात अजूनही कुणी विचारतो, ‘सामानाचे किती डाग झाले?’ म्हणजे नग. आणि मग ‘डागडागिने’. चटक्याच्या खुणेपासून दागिन्यापर्यंत वाट कशी गेली असेल? माझा तर्क असा: मालाच्या प्रत्येक नगावर ओळखीची खूण करत, म्हणून खूण केलेला नग तोच डाग; मोजून, यादीत मांडून ठेवायची वस्तू तो दागिना; आणि घरात मोजून ठेवण्यासारखे दुसरे काय असते? सोने. मोल्सवर्थच्या कोशाच्या काळात दागिना हा सर्वसाधारण ‘नग’ या अर्थीही चालत होता, त्यावरून हा तर्क अगदीच हवेतला नसावा. गंमत अशी की दागिन्याने आपला मूळचा दंत्य ‘द’ सांभाळला आणि डागाने तो सोडला.

याच घरातली ‘डागडुजी’. जुने रूप ‘डागडोजी’. यातला ‘दोजी’ म्हणजे फारसीतले शिवणकाम, ‘जरदोजी’तला. जर म्हणजे सोने. सोन्याने शिवणे ती जरदोजी आणि फाटके-डागाळलेले शिवून नीट करणे ती डागडोजी असावी. आज आपण शिवण विसरलो आणि भिंतीची, छपराची डागडुजी करतो. आरशासमोर सकाळी दहा मिनिटे चालते तिलाही हा शब्द थट्टेने लावतात, आणि तो बाकी सर्व शब्दांपेक्षा अचूक बसतो.

डाग आणि चेहरा ही जोडी तर एके काळी सरकारी होती. अलाउद्दीन खिलजीने (राज्यकाळ १२९६ ते १३१६) लष्करातल्या घोड्यांना डाग देण्याची पद्धत घातली. हजेरीला चांगला घोडा दाखवून लढाईला तट्टू आणण्याची लबाडी थांबावी म्हणून. घोड्याला डाग आणि स्वाराचे वर्णन कागदावर. अकबराने हीच शिस्त पुन्हा कडक केली. या वर्णनाला ‘चेहरा’ म्हणत, आणि ‘हुलिया’ही म्हणत. वर्ण कसा, नाक कसे, तीळ कुठे, देवीचे वण आहेत का, कोणत्या गालावर जखमेची खूण, हे सारे त्यात येई. मराठी दफ्तरांतली ‘चेहरेपट्टी’ ती हीच. पट्टी म्हणजे यादी. आज आपण ‘मुलीची चेहरेपट्टी आजीसारखी आहे’ असे कौतुकाने म्हणतो तेव्हा तिच्यातला कारकून पार विसरलेला असतो. आणि हुलिया? अरबी ‘हिल्या’चा मूळ अर्थ शोभा, अलंकार, त्यावरून रूपवर्णन, त्यावरून पोलिसी वर्णन. म्हणजे येथेही एका टोकाला दागिना आणि दुसऱ्या टोकाला गालावरचा वण.

डाग लपवण्याऐवजी तो मुद्दाम लावण्याचीही रीत आहे. तान्ह्या बाळाच्या गालावर काजळाचे बोट टेकवायचे ते ‘गालबोट’. सगळे कसे गोजिरे आहे, कुणाची दृष्ट लागू नये म्हणून थोडे बिघडवून ठेवायचे. पण मराठीने या शब्दाचा अर्थ उलटा केला. ‘समारंभाला गालबोट लागले’ म्हणतात तेव्हा तेथे संरक्षणाचा मागमूस नसतो, राहतो तो फक्त डाग. फ्रेंचांनी याहून मजेदार प्रकार केला होता. सतराव्या-अठराव्या शतकांत देवीचे वण झाकायला तिकडच्या बायका, आणि पुरुषही, काळ्या रेशमाच्या टिकल्या कापून गालावर चिकटवत. अशा टिकलीला म्हणत ‘मूश’, म्हणजे माशी. डाग झाकायला दुसरा डाग, आणि तो शोभेचा.

आपल्याकडे तोंड रंगवण्याची खरी शाळा म्हणजे नाटक. (एरवी ‘तोंड रंगवीन’ ही धमकी असते.) भरताने आहार्य अभिनयात नेपथ्याचे चार प्रकार सांगितले: पुस्त, अलंकार, अंगरचना आणि सजीव. अंगरचना म्हणजे अंगाला रंग देणे. पांढरा, निळा, पिवळा, तांबडा हे मूळ रंग आणि त्यांच्या मिश्रणातून पांडू, पद्म, हरित असे पुढचे. नेपथ्य म्हणजे तेव्हा वेष आणि रंग. मग ते जेथे चढवायचे ती पडद्यामागची जागा. आणि आजच्या मराठी नाटकाच्या जाहिरातीत ‘नेपथ्य’ म्हणजे भिंती, जिने, खिडक्या. चेहऱ्यावरून निघालेला शब्द घराच्या भिंतीवर जाऊन स्थिरावला. चेहऱ्याची जागा रिकामी झाली म्हणूनच ‘रंगभूषा’ घडवावी लागली असावी.

जुन्या रंगपटातल्या डब्या उघडल्या तर आणखी काही सापडते. सफेता हा फारसी ‘सफ़ेद’चा, आणि सफ़ेद हा आपल्या ‘श्वेत’चा इराणी भाऊ. पिवडी, हिंगूळ, काजळ. आणि मुर्दाडशिंग. हे नाव पहिल्यांदा ऐकणाऱ्याला मेलेल्या जनावराचे शिंग डोळ्यांपुढे येते, पण शिंगाशी त्याचा संबंध नाही. तो शिशाचा पिवळसर भस्मप्रकार, फारसीत ‘मुर्दार-संग’. संग म्हणजे दगड. आपल्या लोकांना ‘संग’मध्ये शिंग ऐकू आले. येथवर ठीक, असे शब्द रोज घडतात. पण रसशास्त्राच्या पंडितांनी तोच शब्द उचलून त्याचे संस्कृत केले ‘मृद्दारशृंग’, आणि रसरत्नसमुच्चयात तो साधारण रसांच्या पंगतीत ऐटीत बसला. फारसी दगडाला संस्कृत शिंग फुटले! शब्दाचाही मेकअप करता येतो याचा इतका ठसठशीत नमुना मला दुसरा ठाऊक नाही. शिसे अंगाला अपायकारक, तेव्हा मुर्दाडशिंग रंगपटातून गेले ते बरेच झाले.

माखण्याचा दुसरा धातू ‘लिप्’. लेप, अनुलेपन, लिंपणे. ‘लिपी’ही यातलीच मानण्याचा प्रघात आहे: शाई चोपडायची म्हणून लिपी. व्युत्पत्ती गोड आहे, पण अशोकाचे शाहबाजगढी आणि मानसेहरा येथले लेख आड येतात. तेथे शब्द आहे ‘दिपि’, आणि प्राचीन इराणी शिलालेखांतही लेखाला ‘दिपि’च म्हटले आहे. म्हणजे लिपी पश्चिमेकडून आली आणि येथे आल्यावर ‘लिप्’ धातूच्या ओळखीने तिचा ‘द’ ‘ल’ झाला असावा. मघाचा डबीर या दिपीचाच वंशज. चिटणिसाचे आडनाव आणि चेहऱ्यावरचा लेप यांचे नाते असे दुरून, दत्तकविधानाने लागते. ‘थापणे’ मात्र शुद्ध घरगुती: पावडर थापायची, भाकरी थापायची, आणि खोटे बोलायचे ती ‘थाप’. वर थापले की खाली काय आहे ते कळत नाही, यावरून तर हा अर्थ आला नसेल?

इंग्रजी ‘मेकअप’च्या पोटात उणे भरून काढण्याचा अर्थ आहे, आणि जुळवणीचाही, म्हणून मराठी वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत पानाचाही मेकअप होत असे. खास डाग झाकण्याच्या प्रसाधनाचा इतिहास मात्र फार जुना नाही. अमेरिकेत लिडिया ओ’लिअरी या बाईंच्या चेहऱ्यावर जन्मापासून मोठे तांबडे-जांभळे लासे होते. ते झाकायला त्यांनी स्वतःच एक दाट लेप तयार केला आणि १९३२ मध्ये त्याचे पेटंट मिळवले. मॅक्स फॅक्टरची ‘इरेज’ ही कांडी १९५४ मधली. ‘इरेज’ म्हणजे खोडून टाका. ‘कन्सील’ म्हणजे लपवा. पहिल्या नावात बढाई आहे, दुसऱ्यात थोडी कबुली.

प्रत्यक्ष कृती पाहिली तर लपवण्यापेक्षा ती हिशेब मिटवण्याची आहे. पुळी लाल असेल तर तिच्यावर आधी हिरवट लेपाचा ठिपका, कारण तांबड्याला हिरवा मारतो. डोळ्यांखालच्या निळसर काळिम्यावर नारिंगी झाक. मग त्वचेच्या रंगाचा थर, तोही घासून नव्हे, अनामिकेने टिपून टिपून. त्या बोटाचा भार सर्वांत हलका पडतो. देवाला गंध लावतो तेही अनामिकेनेच.

रंग मिळवून आणण्याचा हा विचार सुश्रुताला अनोळखी नव्हता. व्रणाच्या साठ उपक्रमांत भरून आलेल्या वणाचा रंग भोवतालच्या कातडीशी जुळवण्याचे उपाय आहेत: वण पांढरा पडला तर ‘कृष्णकर्म’, काळा पडला तर ‘पांडुकर्म’. कृष्णकर्मात भल्लातक लागतो, म्हणजे बिब्बा. ज्या बिब्ब्याने धोबी कपड्यावर न जाणारी खूण करतो, आणि जो कुणाच्या कामात ‘घातला’ की काम नासते, तोच येथे डाग मिटवायला बोलावलेला आहे.

आणि शेवटी प्रसाधनाच्या डबीवरचे नाव. टाटांनी १९५२ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या प्रसाधनांचे नाव ‘लॅक्मे’. हे दलीबच्या १८८३ सालच्या फ्रेंच संगीतिकेतल्या नायिकेचे नाव, आणि ते म्हणजे ‘लक्ष्मी’चे फ्रेंच रूप. आता लक्ष्मी ही ‘लक्ष्’ धातूची. तिचा सर्वांत जुना अर्थ खूण, चिन्ह असा दिसतो. अथर्ववेदात पुण्य लक्ष्मी आहे तशी पापी लक्ष्मीही आहे, म्हणजे शुभ खूण आणि अशुभ खूण. तिचीच जुळी बहीण ‘लक्ष्म’, अर्थ ठिपका, चंद्रावरचा डाग. कालिदासाने शाकुंतलात लक्ष्म आणि लक्ष्मी शेजारीशेजारी बसवून चंद्राचा डाग त्याची शोभा वाढवतो असे म्हणून ठेवलेच आहे. तेव्हा वांग झाकायला घेतलेल्या डबीवर, मुळाशी गेले तर, ‘खूण’ असेच लिहिलेले असते.

कन्सीलरला मराठी शब्द हवाच असे कुणाला वाटत असेल तर त्याने सुश्रुताच्या ‘कर्मा’पासून किंवा साध्या ‘लेपा’पासून सुरुवात करावी, ‘वांगलेप’ मला वाईट वाटत नाही, आणि दुकानात कन्सीलर म्हटले तरी काही बिघडत नाही. ‘दोषाच्छादक’ मात्र कृपा करून कुणी घडवू नये.